स्क्रीनशॉट नेमका कुठे पुसट होतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका सॉफ्टवेअरची वापरपुस्तिका तुम्ही तयार करताय, तिच्यात साठेक स्क्रीनशॉट जायचे आहेत. विंडोजवर प्रिंट स्क्रीनचं बटण दाबायचं, वर्डमध्ये पेस्ट करायचं, कोपरा धरून चित्र पानात बसेल इतकं लहान करायचं, अशी तुमची पद्धत आहे. पीडीएफ केली की चित्रातली अक्षरं पुसट दिसतात. शिवाय उघडलेल्या मेन्यूचं चित्र हवं असतं तेव्हा बटण दाबताक्षणी मेन्यूच मिटतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "यासाठी चांगलं टूल कोणतं?"

टूलचं शेवटी बघू. गेली सतरा वर्षं मी अशाच पुस्तिका लिहिते आहे आणि हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, त्यातल्या बहुतेक वेळा टूल बदलून काहीही फरक पडला नाही. कारण स्क्रीनशॉट म्हणजे फोटो नव्हे. तिथे भिंग नाही, फोकस नाही, हात हलणं नाही. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि बटण दाबलं की त्या प्रत्येकाचा रंग जसाच्या तसा उतरवला जातो. फुकटचं टूल असो की विकतचं, ही नक्कल सारखीच तंतोतंत असते. म्हणजे चित्र जन्मतः स्वच्छ असतं. पडद्यापासून पीडीएफपर्यंतच्या वाटेत कुठेतरी ते बिघडतं, आणि ती जागा शोधणं हेच खरं काम आहे.

शोधायची सोपी रीत सांगते. स्क्रीनशॉट काढा, वर्डमध्ये न टाकता पेंटमध्ये पेस्ट करा आणि १०० टक्क्यांवर बघा. तिथे अक्षरं पडद्यासारखीच स्वच्छ दिसली तर दोष पुढच्या टप्प्यांचा. तिथेच पुसट दिसली, तर बहुधा ते सॉफ्टवेअर पडद्यावरच पुसट दिसत असणार आणि तुमच्या डोळ्यांना त्याची सवय झालेली असणार. जुन्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत हे हमखास होतं. विंडोजचं स्केल, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं दिसावं याची सेटिंग, १२५ किंवा १५० टक्के असतं, त्या प्रोग्रॅमला स्केल म्हणजे काय हे ठाऊक नसतं, मग विंडोज त्याची खिडकी रबरासारखी ताणून दाखवतं. अशा वेळी स्केल १०० टक्क्यांवर आणा, साइन आउट करून परत या आणि मग चित्र काढा. पण तुमच्या वर्णनावरून तुमचं दुखणं हे वाटत नाही.

तुमचं दुखणं मला दिसतं ते 'कोपरा धरून लहान करायचं' या वाक्यात. त्याचा जरा हिशेब करू. २४ इंची पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. ए४ पानाची रुंदी २१ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच समास सोडला तर मजकुराला उरतात १६. तुम्ही अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट तिथे बसवलात की तो मूळच्या ३० टक्क्यांवर येतो. पडद्यावर ९ पॉइंटचं दिसणारं अक्षर कागदावर ३ पॉइंटहूनही लहान होतं. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर त्याहून मोठा असतो! इथे चित्राचा दर्जा उत्तम असूनही उपयोग नाही, कारण वाचायला अक्षरच उरलेलं नाही.

म्हणून माझा पहिला नियम असा की चित्र लहान करायचं नाही, चित्र काढण्याआधी खिडकी लहान करायची. प्रोग्रॅमची खिडकी पूर्ण पडदाभर पसरलेली असते ती आपल्या सोयीसाठी, वाचकाला त्यातला निम्मा भाग रिकामाच दिसतो. तीच खिडकी ओढून ७०० पिक्सेल रुंद केली तर पडद्यावर ती साधारण १९ सेंटिमीटर भरते. १६ सेंटिमीटरमध्ये बसवताना तिला थोडंसंच आकसावं लागतं आणि ९ पॉइंटचं अक्षर साडेसातच्या आसपास राहतं. ते आरामात वाचता येतं. १००० पिक्सेलपर्यंत मी नाइलाजाने जाते, तिथे अक्षर पाच पॉइंटवर येतं. त्याच्या पुढे चित्राचे दोन तुकडे करायचे: एक लहानसं चित्र 'हे कुठे आहे' एवढं दाखवायला आणि दुसरं फक्त कामाच्या भागाचं.

काही प्रोग्रॅमांच्या खिडक्या लहान होतच नाहीत, पंचवीस रकान्यांचा तक्ता असला तर लहान करून चालतही नाही. तिथे स्केल वाढवून बघा. विंडोजचं स्केल २०० टक्के केलं की प्रत्येक अक्षर दुप्पट पिक्सेलांनी काढलं जातं. ब्राउझरमधला प्रोग्रॅम असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबूनही भागतं. पडद्यावर कमी माल मावतो, पण जो मावतो तो मोठा आणि भरीव असतो. एरवी पडद्यावरच्या अक्षराची उभी रेघ एखाद-दुसऱ्या पिक्सेलची असते. चित्र ७० टक्के केलं की ती एका पिक्सेलची रेघ शेजारच्या दोन पिक्सेलांत वाटली जाते, काळ्याऐवजी दोन राखाडी पट्टे तयार होतात आणि डोळा म्हणतो 'पुसट'. रेघ मुळात दोन-तीन पिक्सेलची असेल तर तिला ही झळ कमी लागते. आणखी एक गंमत बघायची असेल तर स्क्रीनशॉट खूप मोठा करून पाहा. काळ्या अक्षरांच्या कडांना तांबूस-निळसर झाक दिसू शकेल. तो विंडोजचा क्लिअरटाइप. एका पिक्सेलातले लाल, हिरवा, निळा हे भाग वेगवेगळे वापरून तो अक्षर गुळगुळीत भासवतो. पडद्यावर ते छान दिसतं, पण लहान-मोठं केलेल्या चित्रात ती रंगीत कड फिसकटते. पुस्तिकेच्या कामापुरता क्लिअरटाइप बंद ठेवायला हरकत नाही, मी ठेवते.

याच जागी कुणीतरी तुम्हाला सांगेल की स्क्रीनशॉट ९६ डीपीआयचा असतो, तो ३०० करा म्हणजे झालं. या सल्ल्याने माझ्या उमेदीच्या काळात माझे कित्येक दिवस खाल्लेत. डीपीआय हा फाइलला लावलेला एक आकडा आहे, 'हे चित्र कागदावर इतक्या दाटीने छापा' असं सांगणारा. ८०० पिक्सेलच्या चित्रावर ९६ लिहा की ३००, आत पिक्सेल ८००च. नुसता आकडा बदलला तर चित्रात काहीच बदलत नाही. आणि आकडा बदलताना सॉफ्टवेअरने पिक्सेलही वाढवले, तर ते नवे पिक्सेल अंदाजाने भरलेले असतात, म्हणजे पुसटपणा आपण हाताने घालतो. छापखान्याने ३००चा हट्टच धरला तर चित्र दुप्पट किंवा तिप्पट करा, पण पूर्ण पटीतच आणि 'निअरेस्ट नेबर' ही पद्धत निवडून. त्यात एका पिक्सेलचे चार किंवा नऊ सारखे पिक्सेल होतात, कडा धारदार राहतात आणि छापणाऱ्याचंही समाधान होतं. तीस टक्के, साठ टक्के असलं अडनिडं मोठं करणं मात्र टाळा.

आता वर्डकडे येऊ. तुम्ही फाइल जतन करता तेव्हा वर्ड तुम्हाला न विचारता चित्रं आकसतं, फाइल जड होऊ नये म्हणून. त्याची नेहमीची मर्यादा असते २२० पिक्सेल प्रति इंच. तुमचं १९२० पिक्सेलचं चित्र १६ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ६.३ इंचांत बसवलंत तर तिथे प्रति इंच ३०० हून जास्त पिक्सेल होतात. वर्ड त्याचे करतं साधारण १३८६. उरलेले गेले, आणि गेले ते कायमचे. नंतर चित्र ओढून मोठं केलं तरी ते परत येत नाहीत. हे थांबवायचं तर फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड असं जा. तिथे 'इमेज साइझ अँड क्वालिटी' या भागात 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' असा चौकोन आहे, त्यात खूण करा. ही खूण त्या एका फाइलपुरती असते आणि चित्रं टाकण्याच्या आधी करायची असते. तुमच्या सध्याच्या फाइलमधली चित्रं बहुधा आकसून झालेली आहेत, ती नव्याने टाकावी लागतील. वाईट वाटतंय, पण हे आत्ता कळलेलं बरं.

पीडीएफ करतानाही 'स्टँडर्ड' आणि 'मिनिमम साइझ' असे दोन पर्याय येतात, त्यातलं दुसरं नको. आणि पीडीएफ तपासताना तिच्या कोपऱ्यातला झूमचा आकडा बघा. बऱ्याचदा तो ७३ टक्के, ८७ टक्के असा काहीतरी असतो, कारण पान पडद्यात मावावं म्हणून वाचकप्रोग्रॅमने ते बेतलेलं असतं. मजकुराची अक्षरं कुठल्याही झूमला नव्याने रेखली जातात म्हणून स्वच्छ दिसतात. चित्र मात्र ताणलं किंवा आवळलं जातं. शेजारीशेजारी हा फरक फार खुपतो. २०० टक्क्यांवर नेऊन बघा आणि एक पान छापून बघा. 'स्क्रीनशॉट पुसट' या मथळ्याखाली माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी छापलेलं पान समोर ठेवल्यावर तिथेच मिटल्या.

तिसरी जागा म्हणजे फाइलचा प्रकार. स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच ठेवा. जेपीईजी फोटोंसाठी घडवलेला प्रकार आहे. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देतो. आभाळ, झाडं, चेहरे यांत ते खपून जातं. पांढऱ्यावरची काळी रेघ म्हणजे मात्र निव्वळ बारकावाच असतो, म्हणून अक्षरांभोवती माश्या बसल्यासारखे ठिपके दिसतात. शिवाय जेपीईजी करताना रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या निम्म्या तपशिलात ठेवली जाते. काही चुकलंय असं सांगणारी लाल अक्षरं सगळ्यात आधी का फिसकटतात ते यावरून कळेल. पीएनजी १९९६ पासून आहे, तो एकही पिक्सेल टाकत नाही, आणि सपाट रंगांच्या पट्ट्या आवळण्यात तर तो इतका पटाईत आहे की साध्या खिडकीचं चित्र पीएनजीमध्येच पुष्कळदा लहान होतं. एकदा जेपीईजी झालेलं चित्र पुन्हा पीएनजी म्हणून जतन केल्याने मात्र काही मिळत नाही. डाग तेच, फाइल तेवढी जड.

सहकाऱ्यांकडून चित्रं मागवत असाल तर ती मेसेजिंग ॲपवर फोटो म्हणून घेऊ नका. बहुतेक ॲप पाठवताना त्यांचं जेपीईजी करून लहान करतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा झिप करून. आणि मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवणाऱ्यांना प्रेमाने परत पाठवा.

इथपर्यंतचं एका दमात: खिडकी आधी लहान, स्केल हवं तर मोठं, वर्डमधली आकसणारी सोय बंद, फाइल पीएनजी, आणि तपासणी छापून.

आता मिटणारा मेन्यू. मेन्यूचा स्वभाव असा की त्याच्यावरून लक्ष हललं की तो मिटतो. तुम्ही ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबता तेव्हा आधी ऑल्ट दाबलं जातं, आणि ऑल्टला विंडोजमध्ये स्वतःचा अर्थ आहे: मेन्यूच्या पट्टीत जा किंवा तिथून बाहेर ये. म्हणजे चित्र निघण्याआधीच मेन्यू गेलेला असतो. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तर पूर्वी ही अडचण येत नसे. पण विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत ते बटण सरळ स्निपिंग टूल, म्हणजे विंडोजचंच स्क्रीनशॉट काढायचं टूल, उघडतं आणि तेही कधी कधी मेन्यूवरचं लक्ष हिरावून घेतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे ही सोय बंद करता येते. मग ते बटण पूर्वीसारखं गुपचूप अख्खा पडदा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं तिथे, घेतं.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे उशीर लावणं. स्निपिंग टूलमध्ये घड्याळाचं चिन्ह आहे, तिथे ३, ५ किंवा १० सेकंद निवडता येतात. 'नवीन' दाबायचं, निवांत मेन्यू उघडायचा, हवं तर उपमेन्यूही उघडायचा, माउस हवा तिथे नेऊन हात बाजूला घ्यायचा. वेळ संपली की पडदा त्या स्थितीत गोठतो आणि मग हवा तो भाग निवडता येतो. माउस नेल्यावर उगवणाऱ्या पिवळ्या टिपांसाठीही हेच करा. मी तर मेन्यूंची सगळी चित्रं १० सेकंदांवरच काढते. पाच सेकंदांत तीन पातळ्यांचा मेन्यू उघडताना माझी तारांबळ उडते.

माउसचा बाण चित्रात येत नाही अशी पुढची तक्रार तुम्ही करणारच, म्हणून आधीच सांगते. बाण हा पडद्याच्या मुख्य चित्राचा भाग नसतो, तो वरून वेगळा ठेवलेला असतो, म्हणून साध्या स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. काही टूलमध्ये तो घ्यायची सोय असते. पुस्तिकेत मात्र मला तो नकोच असतो. बारीक पांढरा बाण वाचकाला दिसत नाही, त्यापेक्षा जाड चौकट किंवा गोलातला आकडा बरा. ती चौकट लालच हवी असं नाही, पण साठही चित्रांत एकाच रंगाची आणि एकाच जाडीची हवी. आणि चित्र पानात ज्या आकाराने बसणार त्याच आकारावर काढलेली हवी, नाहीतर एका पानावर सुतळी आणि दुसऱ्या पानावर दोरखंड.

जाता जाता, त्या बटणाच्या नावाबद्दल. ते दाबून काही छापलं जात नाही म्हणून नवखे गोंधळतात. १९८१च्या आयबीएम पीसीवर शिफ्टसह ते दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरवर उमटत असे. नाव राहिलं, काम बदललं.

कुठे जतन होतं हे पटकन सांगते. नुसतं प्रिंट स्क्रीन (ते स्निपिंग टूल उघडत नसेल तर) किंवा ऑल्टसह ते दाबलं तर चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे दुसरं काही कॉपी करेपर्यंतच जिवंत. विंडोज बटणासह प्रिंट स्क्रीन दाबलं तर पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरात फाइल तयार. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं तर भाग निवडता येतो. एकामागून एक चित्रं काढताना आधीचं पुसलं जाऊ नये म्हणून विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास चालू करा, शेवटच्या २५ गोष्टी तिथे सापडतात. फाइल जागेवर दिसत नसेल तर वनड्राइव्हच्या फोल्डरात बघा, पिक्चर्स तिकडे हलवलेलं असू शकतं.

मॅकवाल्यांसाठी: कमांड, शिफ्ट आणि ३ ने अख्खा पडदा, ४ ने निवडलेला भाग, आणि ४ नंतर स्पेसबार दाबून खिडकीवर क्लिक केलं तर ती एक खिडकी. त्या क्लिकच्या वेळी ऑप्शन दाबून ठेवलं की भोवतीची सावली येत नाही. पुस्तिकेसाठी ती काढाच, नाहीतर चित्राच्या चारी बाजूंना वाया जाणारी जागा येते. ५ ने सगळ्या सोयींची पट्टी उघडते, उशीर आणि माउसचा बाण तिथेच आहेत. लिनक्सवर जीनोम हा डेस्कटॉप असेल तर प्रिंट स्क्रीनने तशीच पट्टी येते, केडीई या डेस्कटॉपवर स्पेक्टॅकल हे टूल आहे. वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर जुनी टूलं काळं चित्र देत असतील तर दोष टूलचा नाही. तिथे कुठल्याही प्रोग्रॅमला परवानगीशिवाय दुसऱ्याची खिडकी वाचूच देत नाहीत.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते पुसटपणाहून मोठी. चित्रात काय उघडं पडतंय?

माझी एक फजिती सांगते. एका पुस्तिकेच्या बाराव्या पानावर खालच्या कोपऱ्यात एक सूचना उगवलेली राहिली, तिच्यात सहकाऱ्याने पाठवलेल्या खासगी निरोपाची पहिली ओळ. लिहिणारी मी, तपासणारे दोघे, कुणाच्याही नजरेला ती पडली नाही, कारण आम्ही सगळे चौकटीत काय आहे तेवढंच बघत होतो. छापून आल्यावर पहिल्या वाचकाला ती दिसली. तेव्हापासून चित्रं काढायला बसताना मी 'व्यत्यय नको' चालू करते, वेगळ्या युझर खात्यात काम करते आणि चित्रातली सगळी नावं, क्रमांक, रकमा बनावट ठेवते. बनावट माहिती एकदा बसून तयार केली की साठही चित्रांत तोच ग्राहक, तीच तारीख, तीच रक्कम दिसते आणि वाचकाला धागा धरता येतो.

खरी माहिती झाकावीच लागली तर ब्लर करू नका आणि ठोकळे पाडू नका. फॉन्ट माहीत असला, आकडे मोजके असले की एकेक शक्यता तशीच धूसर करून जुळवून बघता येते, आणि ते आपोआप करणारे प्रोग्रॅम आहेत. भरीव रंगाचा चौकोन लावा, आणि तो चित्र संपादित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लावून पीएनजी जतन करा. वर्डमध्ये चित्रावर काळा चौकोन ठेवणं म्हणजे उघड्या पत्रावर वही ठेवणं, उचलली की खाली सगळं आहे. वर्डमधलं क्रॉपसुद्धा कापत नाही, फक्त लपवतं. कोणीही 'रीसेट पिक्चर अँड साइझ' दाबून कापलेला भाग परत आणू शकतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' केलं तरच तो जातो. पण तिथेच रिझोल्यूशनही कमी होऊ शकतं, म्हणजे मघाचं दुखणं परत. म्हणून क्रॉप वर्डच्या बाहेरच करा.

आणि बाहेर केलेल्या क्रॉपनेही एकदा सगळ्यांना चकवलं होतं. २०२३च्या मार्चमध्ये उघडकीला आलं की गूगलच्या पिक्सेल फोनमधलं चित्र संपादनाचं साधन आणि विंडोज ११चं स्निपिंग टूल, दोन्हींमध्ये एक चूक होती. कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर जतन केलं तर नवी, लहान माहिती सुरुवातीला लिहिली जाई, पण फाइलची जुनी शेपटी तशीच राही. चित्र बघणारे प्रोग्रॅम पीएनजीच्या समाप्तीच्या खुणेपाशी थांबत, म्हणून कुणाला कळत नसे, पण त्या शेपटीतून कापलेल्या भागाचा बराच अंश परत मिळवता येई. 'ॲक्रोपॅलिप्स' असं नाव त्या प्रकाराला पडलं. दुरुस्ती लगेच आली. पण त्याआधी कापून कुठे पाठवलेली चित्रं अजून कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये पडून आहेत. माझी सवय यातून एवढीच बदलली की कापलेलं चित्र नेहमी नव्या नावाने जतन करते.

साठ चित्रांची शिस्त हा पुढचा मुद्दा. एकाच मशीनवर, एकाच स्केलवर, एकाच रंगसंगतीत सगळी काढा. एकदा अर्धी चित्रं मी घरच्या लॅपटॉपवर १५० टक्क्यांवर आणि अर्धी कामाच्या मशीनवर १०० टक्क्यांवर काढली होती. प्रत्येक चित्र सुटं बघितलं तर निर्दोष, पण पानं चाळताना अक्षरं लहान-मोठी होत श्वास घेतल्यासारखी दिसत होती. सगळी पुन्हा काढली. फाइलींना 'चित्र ३७' अशी नावं देऊ नका, मध्ये एक घुसलं की सगळे क्रमांक सरकतात. 'ग्राहक-नोंद-रिकामा-फॉर्म' असं, पडद्यावर काय आहे ते सांगणारं नाव द्या. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की कोणती चित्रं बदलायची ते नुसत्या यादीवरून कळतं. आणि चौकटी-आकडे नसलेलं मूळ चित्र जपून ठेवा.

पण साठ चित्रं खरंच हवीत का? हे परिस्थितीवर आहे, हे कबूल. पहिल्यांदाच संगणकाला हात लावणारा वाचक असेल तर पायरीगणिक चित्र त्याला आधार देतं. रोज संगणक वापरणाऱ्याला 'जतन करा हे बटण दाबा' या वाक्याखाली त्या बटणाचं चित्र म्हणजे पान उलटण्याचा त्रास. माझी कसोटी अशी: वाचकाला ती गोष्ट पडद्यावर शोधावी लागणार असेल तर चित्र, समोरच असेल तर वाक्य पुरे. प्रत्येक चित्र हे पुढच्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा काढायचं कर्ज आहे, हेही हिशेबात धरा. तुमच्या साठांतली वीस-पंचवीस या कसोटीवर गळतील असा माझा अंदाज आहे.

चूक झाल्याचं सांगणाऱ्या संदेशांची चित्रं तर मी घेतच नाही. विंडोजच्या साध्या संदेशाच्या खिडकीवर कंट्रोल आणि सी दाबा, तिचा सगळा मजकूर क्लिपबोर्डवर येतो. तो पुस्तिकेत मजकूर म्हणून टाकला की वाचकाला शोधता येतो, कॉपी करता येतो, आणि ज्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं त्यांनाही ऐकू येतो. चित्रातला मजकूर यातलं काहीच करू देत नाही. त्याच कारणासाठी उरलेल्या चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, लिहायला विसरू नका.

राहिलं टूल. तुमच्या कामाला स्निपिंग टूल पुरेल. गोलातले आकडे, एकसारख्या चौकटी, नावं आपोआप देणं हे सारखं लागायला लागलं तर विंडोजवर ग्रीनशॉट किंवा शेअरएक्स बघा, दोन्ही मोफत आहेत. शेअरएक्समध्ये सोयींचं इतकं जंगल आहे की पहिला दिवस सेटिंगमध्येच जातो. शिवाय चित्र काढताक्षणी इंटरनेटवर चढवायची सोय त्यात आहे, ती चुकून चालू झालेली नाही ना हे आधी तपासा. लिनक्सवर फ्लेमशॉट हलकं आहे. लांबलचक वेबपान एका चित्रात हवं असेल तर फायरफॉक्समध्ये पानावर उजवं क्लिक करून 'टेक स्क्रीनशॉट' निवडा, पूर्ण पान जतन करायचा पर्याय तिथेच आहे.

एवढं सगळं एकदम साठ चित्रांवर करायला जाऊ नका. एक मेन्यूचं आणि एक फॉर्मचं, अशी दोनच चित्रं काढा, नव्या वर्ड फाइलमध्ये आकसणं बंद करून टाका, पीडीएफ करा, छापा आणि हातभर अंतरावर धरून वाचा. अक्षर वाचता आलं तर त्याच मापाने पुढची काढा. नाही आलं तर त्या दोन चित्रांची पिक्सेलमधली रुंदी आणि तुमच्या विंडोजचं स्केल किती टक्के आहे ते कळवा, मग नेमकं कुठे अडतंय ते सांगता येईल.